दवाखान्याच्या दिवशीच रुसणारी गाडी

मी संशयी माणूस आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. चंद्रपूरजवळच्या मूल गावात राइस मिलसमोर माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे, आणि या धंद्यात भोळ्या माणसाचं काम नाही. गिऱ्हाईक म्हणतं बॅटरी गेली, तर बॅटरी सोडून बाकी सगळं आधी बघायचं. मेकॅनिक म्हणतो प्लग नवा टाकला, तर तोच प्लग पहिल्यांदा काढून बघायचा. बायको म्हणते, तुम्ही तर वरणातही फॉल्ट शोधता. शोधतो, आणि पुष्कळदा सापडतोही.

त्यामुळे त्या हिवाळ्यात ऊर्जानगरला वीज केंद्रात नोकरी करणारा एक जण माझ्या दुकानात आला आणि आवाज खाली करून बोलू लागला, तेव्हा मी पाना ठेवून कान दिला. त्याचं गाव सावली तालुक्यातलं. गावात त्याचे म्हातारे वडील. त्यांच्या दोन्ही किडन्या काम करेनाशा झालेल्या, आठवड्यातून तीनदा चंद्रपूरला डायलिसिसला न्यावं लागायचं. पहाटे निघून तिथे नंबर धरावा लागे. उशीर झाला की मशीन दुसऱ्याला. घरची जुनी डिझेल गाडी होती आणि ती चालवायचा म्हाताऱ्याचा जावई, म्हणजे याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आई वारल्यावर म्हाताऱ्याला कोण बघणार म्हणून ती दोघं तिथेच येऊन राहिली होती.

"भाऊ, गाडी दुसऱ्या कोणत्याच दिवशी बंद पडत नाई," तो म्हणाला. "बाजारात जाते, धानाची पोती नेते, एका चावीत चालू. बाबाच्या दवाखान्याच्या दिवशीच चालू होत नाई. आता तुमीच सांगा."

मी म्हणालो, त्यात काय विशेष, त्या दिवशी पहाटे निघता ना. पहाटे थंडी असते, थंड डिझेल इंजिन सहजी पेट घेत नाही. पण त्याच्याकडे उत्तर तयार होतं. नात्यातल्या एका लग्नाला ते तसेच पहाटे निघाले होते, त्याच थंडीत, याच गाडीनं. तेव्हा एका चावीत चालू झाली. म्हणजे थंडी नाही. मग कोण?

त्याच्या मनात कोण होतं ते त्यानं सांगायची गरजच नव्हती. आमच्याकडे एक म्हण सगळ्यांच्या तोंडी असते, दूर जमाई फूल बराबर, गांव जमाई आधा, घर जमाई गधे बराबर, जब चाहे तब लादा. घरजावयाला मान नसतो, पण जमीन त्याच्या घशात जाईल ही भीती मात्र सगळ्यांना असते. मागच्या महिन्यात एकदा नंबर हुकला, मग परत हुकला, आणि म्हाताऱ्याच्या अंगावर सूज चढून श्वास अडकला. चंद्रपूरला भरती करावं लागलं. वाचला, पण थोडक्यात.

"मले पुरावा पाह्यजे," तो म्हणाला. "त्यानं गाडीले काई केलं एवढं तुमी दाखवा. मंग मी त्याले घरात ठेवत नाई. बहिणीले जायचं असन त्याच्यासंग तं जाऊ दे."

दोन दिवसांनी जावई स्वतःच गाडी घेऊन माझ्याकडे आला. पस्तिशीतला, हडकुळा, कमी बोलणारा. मला कमी बोलणारी माणसं आवडत नाहीत. बडबड्या माणसाचं खोटं लगेच पकडता येतं, हा तर तोंडच उघडेना. भर दुपारची वेळ होती, ऊन चांगलं तापलेलं. चावी फिरवली, गाडी पहिल्याच झटक्यात चालू. तो म्हणाला, "इथी होतेच चालू. तिथी नाई होत."

डिझेल इंजिनाला पेट्रोलच्या गाडीसारखी ठिणगी नसते. थंड असताना डिझेल पेटावं म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये बोटाएवढा एक प्लग असतो. चावी अर्धी फिरवली की त्याला करंट मिळतो आणि त्याचं टोक लालभडक होतं. त्या वेळात समोर वेटोळ्यासारखा पिवळा दिवा दिसतो. पुस्तकात त्याला ग्लो प्लग म्हणतात, आमच्याकडे सगळे हीटर म्हणतात. हीटर तापला नाही तर थंडीच्या सकाळी स्टार्टर फिरवून फिरवून बॅटरी मेली तरी इंजिन हूं की चूं करत नाही.

मी इंजिन थंड होऊ दिलं आणि सगळे प्लग काढून बॅटरीवर लावून पाहिले. सगळे लाल झाले. फ्यूज चांगला. रिले, म्हणजे प्लगांना करंट सोडणारी डबी, टक्‌कन वाजत होती. प्लगांच्या पट्टीवर टेस्ट लॅम्प लावला, झगझगीत लागला. गाडीत दोष काडीचा नव्हता. फक्त एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. सगळ्या इंजिनावर धूळ बसलेली, आणि रिलेच्या झाकणाचा स्क्रू मात्र चमकत होता. कोणीतरी तो नुकताच उघडला होता.

"हे कोणी खोललं?" मी विचारलं.

"मीनं," तो म्हणाला. "सकाळी पिवळा दिवा लागत नाई म्हणून पाह्यलं होतं."

"आन सकाळी गाडीले काय काय करता?"

"काईच नाई. चावी मारतो."

बस. माझं मत तिथेच झालं. रिले कुठे असते हे याला माहीत आहे, झाकण उघडता येतं, आणि विचारलं तर काहीच करत नाही म्हणतो. रिलेतली एक पिन ढिली करायची, दवाखान्याचा नंबर गेला की परत बसवायची, दुपारी गाडी टुणटुणीत. मी त्याला काही बोललो नाही. बोलून उपयोग नसतो. अशा माणसाला हातोहात धरावं लागतं.

त्या गावात माझी साळी, म्हणजे बायकोची बहीण, दिलेली आहे. पुढच्या डायलिसिसच्या आदल्या दिवशी मी संध्याकाळची बस धरून तिच्याकडे गेलो. साळीकडे अचानक काय काम निघालं म्हणून बायकोनं माझ्याकडे असं काही बघितलं की मी मीटर आणि टेस्ट लॅम्प पिशवीतून काढून तिला दाखवले. तरी तिचं समाधान झालं असं मला वाटत नाही.

पहाटे मी घोंगडी पांघरून म्हाताऱ्याच्या घराकडे निघालो. थंडी अशी की बोटं वळेनात. अंगणाच्या कडेला तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, मोठा ढीग होता, त्याच्या आड जाऊन बसलो. समोर वीस-पंचवीस पावलांवर गाडी. एक कुत्रं भुंकत आलं, मला हुंगून निघून गेलं. चोर पकडायला आलेला माणूस चोरासारखाच बसतो, हे मला तेव्हा कळलं. मनात म्हटलं, कोणी बघितलं तर आधी मीच मार खाणार.

आधी घरातून बाई बाहेर आली. म्हाताऱ्याची मुलगी. आंघोळीच्या पाण्याची चूल पेटलेली होती. तिनं चुलीतला इस्तो, म्हणजे धगधगते निखारे, लोखंडी घमेल्यात ओढला, घमेलं गाडीपाशी आणलं आणि काठीनं हळूच इंजिनाखाली सरकवलं. बोनेटवर एक पोतं टाकलं. परत जाऊन अजून थोडा इस्तो आणून टाकला. मग ओट्यावर बसलेल्या बापाच्या अंगावरचं ब्लँकेट नीट केलं आणि आत गेली.

मला वाटलं, पोरगी काळजीची आहे. आणि मी नजर दाराकडे वळवली, कारण मला चोराची वाट बघायची होती.

आमच्याकडे थंडीत जुन्या डिझेल गाडीखाली, ट्रॅक्टरखाली इस्तो ठेवतातच. माझा बापही ठेवायचा. सकाळी तोंड धुण्यासारखं ते काम. गाडीला काय करता असं कोणी विचारलं तर ते सांगायचं कोणाच्या डोक्यातही येत नाही, आणि मी इतका दीडशहाणा, ते समोर होताना बघूनही माझ्या डोक्यात आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

थोड्या वेळानं जावई आला. कानाला मफलर गुंडाळलेला. इकडेतिकडे बघितलं. घमेलं काठीनं थोडं बाजूला ओढलं आणि बोनेट उघडून सरळ रिलेला हात घातला. सापडला. मी तणसातून उठलो आणि जाऊन त्याचं मनगट धरलं.

तो दचकला, पण हात सोडवला नाही. "भाऊ, तुमी इथी काय करून राह्यले?"

"आधी तू सांग, तू काय करून राह्यला."

"बोट ठेवून पाहून राह्यलो टक होते का. मी ठेवतो, तुमी चावी मारा."

मी त्याला रिलेपासून दूर उभं केलं, स्वतः बोट ठेवलं आणि त्याला चावी मारायला लावली. टक झालं नाही. पिवळा दिवा लागला नाही. झाकण उघडलं. पिना सगळ्या जागच्या जागी, घट्ट. रिलेला बॅटरीचा करंट येत होता, पण तिला चालू हो असं सांगणारा करंट येत नव्हता. म्हणजे दोष तिच्याही मागे होता आणि त्याचा हात तिथवर गेलेलाच नव्हता. मी एवढा वेळ ज्याला चोर धरून बसलो होतो तो माझ्या डोळ्यांदेखत सुटला आणि खरं सांगतो, मला त्याचा रागच आला.

प्लगांना करंट द्यायचा की नाही हे ठरवणारी एक छोटी पेटी असते. इंजिन थंड आहे की गरम, हे तिला एक सेन्सर एका बारीक वायरीतून कळवतो. ती वायर मध्येच लोखंडाला टेकली तर पेटीला वाटतं इंजिन तापून लाल झालंय. मग ती प्लगांना करंट सोडत नाही. फ्यूज उडत नाही, ठिणगी पडत नाही, काहीच दिसत नाही. मी टॉर्च घेऊन गाडीखाली आडवा झालो. घमेल्याची धग तोंडावर आली. आणि वर बघितलं तर घमेलं आधी होतं त्याच्या बरोबर वर सेन्सरची वायर लोंबत होती. वरचं प्लास्टिक वितळून चकाकत होतं, आणि उघडी तार एका पट्टीच्या कडेला टेकलेली.

मी काडीनं ती वायर वर उचलली आणि ओरडलो, "मार चावी." वर टक झालं. पिवळा दिवा लागला, पुरता वेळ राहिला, विझला. पहिल्या झटक्यात गाडी चालू झाली.

मग सगळं माझ्यासमोर उलगडत गेलं. पहिल्या थंडीत एक दिवस गाडी उशिरा चालू झाली असेल, जुन्या गाडीचं होतंच तसं. बाप अंगणात कुडकुडत बसलेला तिनं बघितला आणि त्या दिवसापासून दवाखान्याच्या सकाळी ती इस्तो ठेवू लागली. इस्त्यानं वायरीचं प्लास्टिक गेलं. धग लागली की वायर मऊ होऊन टेकायची, थंड होऊन आखडली की परत वर उचलली जायची. इतर दिवशी कोणी इस्तो ठेवत नसे, म्हणून गाडी चालू. मी जावयाला विचारलं, त्या लग्नाच्या दिवशी बायको कुठे होती? तो म्हणाला, ती तर आदल्या दिवशीच पुढं गेली होती. आणि गाडी रुसली की ती बिचारी पुढच्या वेळी दोन मुठी इस्तो वाढवायची.

मी हे सगळं त्याला समजावून सांगितलं. तो घमेल्याकडे बघत राहिला. मग त्यानं घराच्या दाराकडे बघितलं. ती आतून बापाच्या फायली आणि डबा घेऊन निघतच होती.

"भाऊ," तो खालच्या आवाजात म्हणाला, "तिले सांगू नका."

"अरे पण तुह्यावर नाव येऊन राह्यलं ना."

"येऊ द्या. बाबा भरती होते तवा ती चार घासही जेवत नव्हती. तिच्या हातानं झालं हे समजलं तं तिच्यानं नाई सहन होणार. मी सांगतो तिले, डिझेल गळते, इस्तो ठेवू नोको."

मी हो म्हणालो. ती आली. हे मूलचे मिस्त्री, असं जावयानं सांगितलं, तेव्हा तिनं नवलानं विचारलं, "भाऊ, सापडलं काय?" मी म्हटलं, सापडलं, वायरीचा दोष होता. तिनं हात जोडले आणि बापाला धरून गाडीत बसवलं. त्या दिवशी नंबर लागला.

वायर बदलायला गाडी माझ्या दुकानात आली तेव्हा ऊर्जानगरचा भाऊही हजर झाला. मी त्या गावाहून परतताना मनात गोष्ट जुळवून ठेवली होती. त्याला सांगितलं, उंदरानं वायर कुरतडली. धानाच्या भागात उंदीर काय कमी आहेत. पण त्यानं काढलेली वायर माझ्या हातातून घेतली, उजेडात धरली आणि म्हणाला, "मी जिथी काम करतो तिथी अशा वायरी रोज पाहतो. ही जळलेली हाय. उंदीर जाळते काय?"

जावई माझ्या बाजूला उभा होता. तो म्हणाला, "मीच जाळली. गाण्याच्या टेपसाठी जोड पाह्यजे होता म्हणून काडी लावून सोलत होतो. चुकीची वायर सोलली."

वायर काडीनं सोलणारे ड्रायव्हर आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे ते खोटं अगदी खऱ्यासारखं बसलं. फक्त चूक या शब्दावर भावाचा विश्वास बसला नाही. इतके दिवस माहीत असून तोंड उघडलं नाहीस, बाबा मरता मरता वाचले तरी नाही, म्हणजे ही चूक नाही, असं तो म्हणाला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं जावयाच्या हातातून किल्ली घेतली आणि बाबाला यापुढे भाड्याचा ड्रायव्हर नेईल एवढं सांगून गेला. माझ्या जिभेवर आलं होतं सगळं. पण शब्द दिलेला. मी त्या जावयावर मनातल्या मनात भडकलो. असा कसा माणूस, जो तोंडच उघडत नाही म्हणून मला खटकला होता तो असं सफाईनं खोटं बोलतो.

पुढे म्हातारा वेळेवर चंद्रपूरला जाऊ लागला. गाडी एका चावीत चालू होते असं भाड्याचा ड्रायव्हर सांगायचा. माझ्या लेखी काम संपलं होतं. पण मला चैन नव्हतं, आणि बायकोनं दोनदा विचारलं की साळीकडे काय झालं ते एकदा सांगून टाका.

एक दिवस दुपारी ती स्वतःच दुकानात आली. बापाची मशीन चालू होती तेवढ्यात भावाला सांगून औषधांसाठी बाहेर पडली आणि मूलच्या बसमध्ये बसून आली, असं तिनं सांगितलं. मी स्टूल पुढे केलं, बस वो बाई म्हटलं. ती बसली नाही.

"भाऊ, एकच विचारायचं हाय. खरं सांगा. माह्या नवऱ्यानं वायर जाळली काय?"

मी फडक्यानं हात पुसत बसलो. स्वच्छ हात.

"साऱ्यायनं म्हणलं तरी मी नाई म्हणलं," ती म्हणाली. "दादा बोलला, गाव बोललं, मी म्हणलं माहा माणूस असा नाई. आता तो स्वतःच म्हणते मी जाळली. मंग मी कोणावर भरोसा करू? परवा मी त्याले म्हणलं, बाबाच्या डोळ्यासमोर येऊ नोको. तो हो म्हणला. काईच बोलला नाई, नुसता हो म्हणला. वावरातल्या झोपडीत झोपून राह्यला तवापासून."

माझ्या दिलेल्या शब्दाचं वाटोळं झालं तरी चालेल, पण हे मला ऐकवेना. मी म्हणालो, "बाई, कोणीच काडी लावली नाई. तुह्या इस्त्यानं वितळली वायर. त्याले त्या दिवशीच समजलं होतं. तुले समजू नये म्हणून त्यानं स्वतःवर घेतलं."

हाही खोटं बोलतोय, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे बघितलं. मी तरी काय करणार, तिच्या घरात गेले दोन महिने संशयाशिवाय दुसरं काही शिजलंच नव्हतं. ती म्हणाली, "तुमी त्याच्या बाजूनं बोलून राह्यले. त्यानंच पाठवलं असन सांगायले."

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी खिशातून फोन काढला, जावयाचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि तिच्या हातात दिला. म्हटलं, घे, तूच विचार त्याले.

रिंग वाजली. त्यानं उचलला. माझं नाव बघून उचलला असणार, कारण हॅलोसुद्धा म्हणाला नाही.

"भाऊ," तो घाईघाईनं म्हणाला, "ती मूलले आली म्हणते कोणीतरी. तुमच्याकडं आली काय? तिले इस्त्याचं सांगू नका हो, पाया पडतो तुमच्या. तिले माह्यावरच राग राहू द्या."

ती फोन दोन्ही हातांनी धरून उभी होती. तिकडून तो हॅलो, हॅलो भाऊ म्हणत राहिला. मी दुकानाबाहेर आलो आणि दार लोटून घेतलं.